कुंकवाचा जोड

खापा रोडच्या वळणावर श्वेतानं स्कूटी थांबवली. मागं बसलेल्या आईनं सवयीनं कुंकवाची डबी काढली.

परवा कळमन्याच्या बाजाराला निघालेला संत्र्यांचा ट्रक इथल्या लोखंडी कठड्यावर आदळला होता. नत्थू मिस्त्री एकेका जोडाचे बोल्ट बदलत पुढं सरकत होता. कुंकवानं माखलेला एक जोड मात्र त्यानं तसाच सोडला.

"तो काहून सोडला, भाऊ?" श्वेतानं विचारलं.

"देव हाय तो, ताई. त्याले पाना लावू काय? पाप माह्याच डोक्यावर!"

देव त्यांच्याच घरचा होता. श्वेता शाळेत असताना बाबांची जीप इथं धडकली. कठड्याचा पत्रा वाकला, पण हा जोड सुटला नाही. त्या साली आईनं त्या बोल्टला राखी बांधली. पुढं कधीही इथून जाताना बाबा हॉर्न वाजवून ओरडायचे, "काय साळेबुवा, बरे हा न?" आई कुंकू लावता लावता लटकंच चिडायची. श्वेता त्याला मामा म्हणायची; तिच्या तळहातावर मामाच्या प्रसादाचा बत्तासा पडायचा. आता बाबा नव्हते. मामा तेवढा होता.

श्वेता खाली वाकली. नटाच्या कडेला कुंकवाचा थर तडकला होता, आत गंज दिसत होता. तिनं बोट लावलं. बोल्ट हलला.

"आई, हाही काढायला सांगू?"

"मामाले काढतं का वं तू?" आईचा आवाज चढला. "तुह्या बाबाले कोनं वाचवलं?"

"यानंच. पन मारही यानंच खाल्ला न, दोनदा. माह्या रितिकाची स्कूलव्हॅन रोज इथूनच जाते, आई."

आई कठड्याजवळ आली. मग पदराच्या टोकानं तिनं कुंकू पुसायला घेतलं, लहान पोराचं तोंड पुसावं तसं.

"काढ गा," ती नत्थूला म्हणाली.

वाकडा झालेला बोल्ट कुरकुरत बाहेर आला. मागच्या पत्र्याचं भोक फाटून बोटभर लांब झालं होतं.

"मावशी, हा तं पत्राच बदलावा लागते," नत्थू हळूच म्हणाला.

आईनं वाकून भोकाला डोळा लावला. पलीकडं, पार खाली, दगडांमधून नाला वाहत होता.

"येवढं खोल हाय हे?" ती पुटपुटली, आणि हात मागं करून श्वेताचा हात शोधू लागली.