डावीकडची वाट

"नीट वास घेऊ द्या त्याला. घाई नको," हवालदार म्हणाला आणि मुलीचा मोजा त्यानं कुत्र्याच्या नाकाशी धरला.

शिंप्याची मुलगी शाळा सुटल्यापासून घरी आली नव्हती. शिंपी गळ्यातली टेप काढायचंही विसरून धावत आला होता. कुत्र्याचं नाव वकील. एकदा धरलं की सोडत नाही, म्हणून ठाण्यातल्यांनीच ठेवलेलं.

"याच कुत्र्यानं तुमच्या सख्ख्या भावाला पकडून दिलं म्हणे?" साहेबांनी विचारलं. ते नवे होते, पण ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"हो साहेब. कुत्र्याला नाती कळत नाहीत."

साहेब खूश झाले. असली वाक्यं साहेब लोकांना आवडतातच. पाच वर्षांपूर्वी हवालदाराच्या धाकट्या भावानं दारूच्या भरात एकाला जिन्यावरून ढकललं, तो माणूस मेला, आणि वकिलानं धाकट्याला एका गोदामातून हुडकून काढलं. हवालदाराला शाबासकी मिळाली. आईनं मात्र त्याच्याशी बोलणं टाकलं. शेवटच्या दुखण्यात त्याच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. जाताना एवढंच म्हणाली, "तो सुटून आला की तरी त्याचा भाऊ हो."

धाकटा सुटला तो निम्मा होऊनच. हवालदारानं त्याला एका बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यावर राखणीला चिकटवून दिलं आणि ठाण्यात कुणाला पत्ता लागू दिला नाही. दारू सोडली, असं धाकटा म्हणायचा. हवालदाराचा विश्वास बसायचा आणि बसायचाही नाही. भेट झाली की धाकट्याचं रडगाणं ठरलेलं. "दादा, गेटवरचा दिवा गेलाय, हौदावरच्या फळ्या कुजल्यात, खोलीत उंदरांनी उच्छाद मांडलाय. मालकाच्या कानावर घाल की." हवालदार हो म्हणायचा आणि विसरून जायचा.

वकील शाळेच्या फाटकापासून निघाला, बाजार ओलांडून तिठ्यावर आला. उजवीकडची वाट कालव्याकडे जात होती. तो डावीकडे वळला. डावीकडे कारखान्याखेरीज काही नव्हतं.

वास मोडू नये म्हणून बाकीची मंडळी नेहमीप्रमाणे बरीच मागे थांबली होती. वळणापलीकडे हवालदार आणि कुत्रा, दोघंच.

गेट अर्धवट उघडं होतं. धाकट्याच्या खोलीचं दार सताड उघडं. कपातला चहा अर्धा, गार झालेला. एक चप्पल उंबऱ्यात, दुसरी पार अंगणात. आणि गेटच्या आत भिंतीला टेकवून ठेवलेलं एक लहान मुलीचं दप्तर.

धाकटा नव्हता.

वकील मागच्या बाजूकडे ओढ घेऊन जोरजोरात भुंकायला लागला. मागे काय असेल ते हवालदाराला बघवणार नव्हतं. दारूच असणार, दुसरं काय? या वेळी फाशीच होईल. मग त्याला आई आठवली, भिंतीकडे तोंड करून पडलेली.

त्यानं दप्तर उचललं आणि खोलीतल्या खाटेखाली सरकवलं. पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन वकिलाला अक्षरशः फरफटत बाहेर काढलं. नोकरीत असं त्यानं कधी केलं नव्हतं.

"भुंकला ना?" तिठ्यावर साहेबांनी विचारलं.

"मांजर दिसलं, साहेब. वास कालव्याकडे जातोय."

"नक्की?"

"नक्की."

साहेबांनी पुन्हा विचारलं नाही. सख्ख्या भावालाही ज्यानं सोडलं नाही, त्याच्या शब्दावर शंका घेणार कोण?

अंधार पडेपर्यंत माणसं गळ टाकून कालवा ढवळत राहिली. शिंपी काठावर उभा होता. मध्येच तो हवालदाराजवळ आला. "तुम्ही एवढं करताय, उपकार आहेत तुमचे," म्हणाला. हवालदाराला त्याच्याकडे बघणं झालं नाही. पळाला असशील तर लांब पळ, तो मनात धाकट्याला म्हणत होता, आणि मला परत तोंड दाखवू नको.

सकाळी हवालदार वकिलाला फिरवत असताना साहेबांचा फोन आला. "लगेच साबणाच्या कारखान्यावर या. मुलगी सापडली. जिवंत आहे."

कारखान्याच्या मागच्या अंगणात गर्दी होती. मालकाचा माणूस भंगार बघायला आला होता, त्याला हौदातून रडणं ऐकू आलं. हौद खोल, वरून अगदी वाकून कान दिल्याशिवाय काही कळत नाही, असं तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. हौदावरच्या दोन फळ्या तुटून आत गेल्या होत्या. शेजारी चादरीखाली कुणीतरी झाकलेलं होतं. पाय उघडे होते, अनवाणी.

"तुमचा भाऊ इथं कामाला होता, बोलला नाहीत कधी," साहेब हळू आवाजात म्हणाले. "मुलगी खेळत खेळत मागं आली, फळ्या तुटून आत पडली, त्यानं मागोमाग उडी घेतली. पाय मोडला त्याचा. छातीपर्यंत पाणी. तिला वरच्या पाइपावर बसवून रात्रभर धरून उभा होता. पहाटे कधीतरी हात सुटले."

पट्टा हवालदाराच्या हातातून गळून पडला.

वकील सरळ मुलीकडे गेला. ती घोंगडीत गुंडाळून शिंप्याच्या मांडीवर बसली होती. तिनं भीत भीत त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"हाच ना काकांच्या दादाचा कुत्रा?" तिनं हवालदाराला विचारलं. "काल हा भुंकला ना, तेव्हा काका हसले. म्हणाले, रडू नको आता, माझा दादा आला."