तोकड्या करंगळीचा पंजा

तेरा वर्षांनी कॅनडाहून दर्यापूरच्या घरी आले, तेही न कळवता. एवढ्या वर्षांत आई फोनवर एकदाही "ये" म्हणाली नव्हती. तो राग मनात होताच.

घरात महालक्ष्म्यांचं जेवण होतं, म्हणून दार दर्शनाला येणाऱ्यांसाठी सताड उघडं. आमच्याकडे या दिवशी घरची लेक स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीवर हळदीचा पंजा उमटवते. ती भिंत आई कधी रंगवू देत नाही.

माझे पंजे लगेच ओळखू येतात. लहानपणी कडबा कापायच्या कुट्टी मशीनमध्ये माझ्या उजव्या करंगळीचं पेर गेलं होतं.

मी कॅनडाला गेले त्या वर्षीच्या पंज्यापुढे आणखी तेरा पंजे होते. सगळ्यांची करंगळी तोकडी. शेवटचा अजून ओला होता. त्यावर हात ठेवला, तर तंतोतंत बसला.

घाबरायला हवं होतं. पण मी जळून गेले. तेरा वर्षं माझ्या आईच्या हातचं कोण जेवत होतं?

आई आंबिलीची वाटी घेऊन बाहेर आली. वाटीवर माझं नाव कोरलेलं होतं.

"या बाई, दर्शन घ्या. कोणाकडच्या तुमी?"

"आई, मी अपेक्षा."

ती हसली. "काहून थट्टा करता बाई? अपेक्षा मांगं हात धुऊन राहिली."

मागच्या अंगणात नळ वाहत होता.

"ती वाटी माझी आहे," मी म्हणाले आणि हात पुढे केला.

नळ बंद झाला.