काळ्या कोंबडीचं अंडं

बरखेड्यातल्या क्वार्टरच्या परसात मंजूषाने काळ्याकुट्ट कडकनाथ कोंबड्या पाळल्या खऱ्या, पण त्यांची फिकट बदामी अंडी कुणी घेईना. मोबाइलवर काळ्या अंड्यांचे खोटे फोटो पाहिलेल्या गिऱ्हाइकांना काळीच हवी होती. “आजचं गिऱ्हाईकही परत गेलं, तर उद्या कोंबड्या देऊन टाकायच्या,” नवऱ्याने बजावलं होतं. कोचिंगवाले सर अंडी घ्यायला आले, एक उचलून हसले. “मॅडम, फार्म के अंडे हमें ही चिपकाएँगी?” मंजूषाचं डोकं फिरलं. तिने स्टूल टाकून त्यांना खुराड्यासमोर बसवलं. “हिलिएगा मत, सर. अपनी आँखों से देखिए.” त्यांचा चहा गार झाला. शेवटी खुराड्यातल्या खोक्यात बसलेली कोंबडी ओरडत उठली. खाली उबदार, बदामी अंडं होतं. मंजूषाने ते त्यांच्या तळहातावर ठेवलं. सरांनी अंड्याकडे पाहिलं, मग कोंबडीकडे. “अरेरे मॅडम,” ते हळहळले, “आपको तो मुर्गी ही नकली मिल गई.”