लांबच्या प्रवासाचे टायर

“वाळूत रुतणार नाही ना?” नकाशेकाकांनी टायरच्या खोल नक्षीत बोट घालून विचारलं.

“वाळूत घाला, चिखलात घाला,” टायरवाला म्हणाला. “डांबरी रस्त्यावर मात्र जरा आवाज करतात.”

“करू देत. आम्ही गाणी म्हणू.”

थोरला मुलगा दाराशी उभा राहून मोबाइलवर बोलत होता. ‘आम्ही’ म्हणजे कोण, हे त्याने ऐकलं नाही. ऐकलं असतं तरी विचारलं नसतं.

बाहेर घरगाडी जॅकवर चढवली होती. आत पलंग, भिंतीत दुमडणारं टेबल, शेगडी आणि हात धुवायला इवलंसं बेसिन. काकांनी सगळी नोकरी नकाशा कार्यालयात बसून रस्ते आखण्यात काढली होती, आणि त्यांतल्या एकाही रस्त्यावर त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. त्याचं उट्टं काढायला निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी ही गाडी घेतली. काकूंनी तिला निळे पडदे शिवले. पडदे लागले आणि काकू गेल्या. मग गाडी थोरल्याच्या अंगणात उभी राहिली ती राहिलीच.

पुढे कधीतरी थोरल्याने घराचं रंगकाम काढलं. रंगाच्या वासाने खोकला व्हायला नको म्हणून काकांची गादी चार दिवसांसाठी गाडीत गेली. रंग वाळला. तोवर काकांच्या खोलीत व्यायामाचं यंत्र आलं होतं, आणि यंत्राला काही बाहेर झोपवता येत नव्हतं. काकांनी तक्रार केली नाही. कुणी विचारलंच तर ते म्हणत, “स्वतंत्र बंगला आहे माझा. चाकांसकट.”

आणि परवा थोरला आपण होऊन म्हणाला, “बाबा, गाडीला नवे टायर घालू या. पुढच्या आठवड्यात काढायची आहे.”

काकांनी कुठे म्हणून विचारलं नाही. समुद्र त्यांनी या घरात इतक्यांदा बोलून दाखवला होता, की विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं झालं असतं. आणि तयारी तर डोळ्यांपुढे चालली होती. सूनबाईंनी लोकरीचे कपडे बांधले, रेनकोटही बांधला. रक्तदाबाच्या गोळ्या एवढ्या आणल्या, की काकांना वाटेत औषधांचं दुकान टाकता आलं असतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाडीला दिलेली विजेची वायरसुद्धा त्यांनी काढली, पुसली, गुंडाळली आणि पलंगाखाली ठेवली. काकांना भरून आलं. माणसं बोलत नाहीत, पण मनात ठेवतात, असं त्यांना वाटलं.

“काका, ही गंमत बघा.” टायरवाल्याने जुना टायर लोळवत पुढे आणला. “नक्षी कोरी करकरीत. आणि बाजूंना या भेगा. हा चालून गेलेला नाही, उभं राहून गेलाय. अंगावर वजन, वरून ऊन, आणि जागचं हलायचं नाही. रबर तडकतंच.”

“आमच्या ऑफिसातही असंच व्हायचं,” काका म्हणाले.

टायरवाला खो खो हसला. रिमाही गंजल्या होत्या. त्याने दोन नव्या काढून समोर ठेवल्या, एक साधी लोखंडी आणि एक अलॉयची. अलॉयच्या रिमेत काकांना आपला चेहरा दिसला. त्यांनी दाढीवरून हात फिरवला.

“लोखंडीच द्या. आमच्या हिला भपका आवडायचा नाही. आणि कुठे आडरानात वाकली, तर ठोकून सरळ करता येईल.”

“बरं, आत माणसं किती धरू? वजनावर टायर ठरतो.”

काकांनी बोटांवर मोजलं. थोरला, सूनबाई, नात. नात खिडकीसाठी भांडणार, तिला पुढे बसवावी लागणार.

“चौघं धरा. येताना शिंपल्यांचं वजन वेगळं.”

थोरल्याने मोबाइल कानावरून खाली घेतला.

“एकच धरा.”

“चालवणारा धरून?” टायरवाल्याने विचारलं.

“चालवणारा सोडून. चालवणारा बसने परत येईल.”

कोपऱ्यातल्या यंत्रावर एक चाक गरगरत होतं, ते हळूहळू थांबलं. कुणीतरी बोलायला हवं होतं, म्हणून थोरला बोलला, टायरवाल्याकडे बघून.

“धाकट्या भावाकडे पोचवायची आहे. आमच्याकडे बरीच वर्षं झाली, आता त्याची पाळी. पण तो म्हणतो, टायर धड असतील तरच अंगणात घेईन. उद्या पुढे कुठे हलवायची झाली, तर पंचाईत नको.”

बोलणं सगळं गाडीबद्दल चाललं होतं. टायरवाल्याने मान डोलावली आणि विनाकारण पाना पुसायला घेतला.

“बाबा, तुम्हाला घरी गेल्यावर सांगणारच होतो,” थोरला म्हणाला. “तिकडे अंगण ऐसपैस आहे. आमच्यासारखं अडचणीचं नाही.”

“ऊन असतं?” काकांनी विचारलं.

“भरपूर. दिवसभर असतं.”

काकांनी नक्षीतून पुन्हा एकदा बोट फिरवलं आणि रुमालाला पुसलं. वाळूचा टायर त्यांनी स्वतःच मांडणीकडे ढकलत नेला आणि होता तिथे टेकवून ठेवला. मग ते टायरवाल्याकडे वळले. आवाज गिऱ्हाइकाचाच होता, जरा चोखंदळ.

“हे राहू द्या. उन्हात एका जागी उभं राहून तडकत नाहीत, असे काही असतील तर दाखवा.”