पंखासकट

गराजमधला छोटा फ्रीझर न्यायला विनयचा शिकारीतला मित्र अपूर्व आला, तेव्हा तळाशी दोन बदकं निघाली. पिसं काढून प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेली. वर मार्करने तारीख, विनयच्या हातची. त्या तारखेनंतर अकराव्या दिवशी विनय गेला होता.

नवरा गेल्यापासूनच्या सात महिन्यांत मयूराने हा फ्रीझर उघडलाच नव्हता. ती शाकाहारी. शिकारीतलं काहीही स्वयंपाकघरात यायचं नाही, हे परदेशात आल्यावर टार्निटमधल्या या घरात पहिल्या दिवशीच ठरलं होतं. विनय मागच्या अंगणात बार्बेक्यूवर काय ते शिजवायचा आणि हात तीनतीनदा धुऊन आत यायचा.

“एक पंख तसाच का ठेवलाय याचा?” तिने विचारलं.

“कायदाच आहे, वहिनी. घरी पोचेपर्यंत एक पंख ठेवावा लागतो. वाटेत कोणी तपासलं तर बदक कुठल्या जातीचं ते कळायला हवं.”

“आणि असं किती दिवस ठेवता येतं?”

“घरी आणल्यावर कायदा काही म्हणत नाही.” अपूर्वने नजर चुकवली. “पण आता चव गेली असेल. टाकून द्या.”

मयूराने प्लॅस्टिक थोडं सोडवलं. पंखावरचा बर्फ अंगठ्याने पुसला. खाली हिरवी झाक होती, अजून चमकत होती.

“त्या दिवशी किती मारायची परवानगी होती?”

“माणशी सहा. विनयने दोनच घेतली. मग बंदूक बाजूला ठेवून नुसता पाण्याकडे बघत बसला. म्हणाला, हे एकदा मयूराला दाखवायचंय, पण ती काही यायची नाही.”

दर मार्चला, शिकारीचा हंगाम आला की, तो विचारायचा. ती कूस बदलून म्हणायची, “तू जाऊन ये.”

“येत्या मार्चला मला नेशील?” मयूरा म्हणाली. “बंदूक नको. तो बसायचा ती जागा दाखव. मी बसेन नुसती.”

अपूर्व अवघडला. “हंगामात सकाळी दहापर्यंत लायसन्सशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही, वहिनी. आणि लायसन्सला परीक्षा असते. व्हिडिओत उडतं बदक दाखवतात, तेवढ्यात ओळखायचं. मारायचं कुठलं, सोडायचं कुठलं. सोपं नाहीये. विनय दोनदा नापास झाला होता.”

“माहितीये.”

तिने दोन्ही बदकं पुन्हा नीट गुंडाळली, उचलली आणि कचऱ्याच्या डब्यावरून तशीच पुढे घरात गेली. अपूर्व दारातून बघत राहिला. स्वयंपाकघरातल्या फ्रीजचा वरचा कप्पा उघडून तिने मटारच्या पिशव्या सरकवल्या आणि बदकांना जागा केली.

“तिसऱ्यांदा पास झाला ना,” ती पाठमोरीच म्हणाली, “तेव्हा त्याचा अभ्यास मी घेतला होता.”