चोर कोण होणार?

पुढच्या बाकावरचा शुक्रा फिटर घोरायला लागला, तसा आबाजींनी खडू खाली ठेवला.

"हवालदार, तुमचं भाषण लई भारी," मागून कोणीतरी म्हणालं. "रातपाळीवाल्यांची झोप हितंच होती." सगळे हसले. आबाजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते कुंभिवलीच्या या कागद कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून लागले, त्याला फार दिवस झाले नव्हते. पितळेचे सुटे भाग चोरीला जात होते. फिटर, वायरमन, बॉयलरवाले, सगळ्यांना पहारा कसा ठेवायचा ते शिकवा, असा मॅनेजर मेहेंदळेंचा हुकूम होता. जमलं नाही तर दुसरा माणूस बघणार होते.

पुढच्या शनिवारी आबाजींनी फळा पुसून टाकला. "आजपासून भाषण बंद. एकानं चोर व्हायचं. कारखान्यातली एक वस्तू फाटकाबाहेर न्यायची. बाकीच्यांनी पकडायचं."

शुक्रानं डब्यातल्या भाताखाली पितळी तोटी लपवली आणि पार रस्त्यापर्यंत नेली. एका वायरमनने तांब्याची तार सदऱ्याखाली कमरेला गुंडाळली. पाणी प्यायला वाकला नि सापडला. मग कँटीनमध्ये दुसरा विषयच उरला नाही. वर्गात बसायला जागा पुरेना. मेहेंदळेसाहेब खूश झाले.

हिरामण तेवढा कधी खेळला नाही. तो बॉयलरवर होता. पावसाळ्याआधी बॉयलर फुटला, त्यात त्याचा जोडीदार कान्हा गेला. कामावर झोपला म्हणून गेला, असं चौकशीत ठरलं. फुटक्या बॉयलरचे तुकडे जुन्या गोदामात कुलपात पडले होते. येत्या सोमवारी ते वितळवायला जायचे होते.

संध्याकाळी आबाजी सायकलवरून चौक गावातल्या घरी जात. त्यांची लेक मैना कायमची माहेरी परत आली होती. ती तांदूळ निवडत बसलेली असे. निवडून झालेले तांदूळ पुन्हा सुपात घेऊन निवडी. आबाजी तिला दिवसभराचं सांगत: शुक्राची तोटी, वायरमनची तार. ती "हं" म्हणे. वाढलं तर जेवे.

त्या शनिवारी चोर कोण होणार, असं आबाजींनी विचारलं, आणि हिरामण उठून उभा राहिला.

"आज मी हुतो, आबा."

"काय नेशील?"

"ते सांगायचं नसतंय ना?"

किती दिवसांनी हिरामण बोलला! शुक्रानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

पाळी सुटली तसा अख्खा कारखाना फाटकाशी गोळा झाला. मेहेंदळेसाहेबही कचेरीतून उतरून आले. हिरामण सावकाश आला. त्याचा एक पाय वाकतच नव्हता.

"पँटमधी हाय रं, पँटमधी!" शुक्रा ओरडला. झटापट झाली, आणि हिरामणच्या पायाजवळून लोखंडी गज खणकन खाली पडला. टाळ्या, शिट्ट्या. साहेबांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं.

"हवालदार, मानलं तुम्हाला. आता इथून टाचणीसुद्धा बाहेर जायची नाही."

"न्हाय जायची, साहेब." आबाजींनी सलाम केला. कॅरिअरवर रेनकोटची गुंडाळी दोरीने बांधलेली होती. फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांनाही सलाम ठोकला आणि सायकलला वाट करून दिली.

मैना तांदूळ निवडत होती. आबाजी तिच्यापुढे बसले. रेनकोट उलगडून त्यांनी बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह जमिनीवर ठेवला. वाफ बाहेर सोडायची त्याची झडप गंजून जाम झाली होती. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावून दाखवला, तरी हलली नाही.

"सोमवारी बॉयलर इन्स्पेक्टरच्या टेबलावर ठेवतो," ते म्हणाले. "तुझा नवरा झोपला नव्हता गं, पोरी."