तोच खडक

खेळाच्या पटावरच्या निळ्या समुद्रात मृणालने मुद्दाम तोच खडक मांडला होता. समोर निवृत्त कॅप्टन, भोवती त्यांचे नौदलातले जुने सहकारी.

याच माणसाने तिच्या बाबांच्या डोक्यावर खापर फोडलं होतं. "मी डावीकडे म्हणालो, पण सुकाणूवरच्या तांडेलने जहाज उजवीकडे, खडकावर घातलं," असं त्याने चौकशीत छातीठोक सांगितलं. बाबांची नोकरी गेली. मरेपर्यंत ते एकच सांगत राहिले, "हुकूम उजवीकडचाच होता गं."

"डावीकडून टॉर्पेडो!" त्या दिवशीचाच इशारा देत मृणालने वाळूचं घड्याळ उलटं केलं.

वाळू भराभरा गळू लागली. गडबडून कॅप्टननी आपलं जहाज उजवीकडे वळवलं आणि थेट खडकावर नेलं.

सगळे हसले. मृणाल हसली नाही.

"साहेब, आज सुकाणूवर माझे बाबा नव्हते."